गारपिटीने छप्पर गेलं: सिमेंटचे पत्रे, रंगीत पत्रे की थेट स्लॅब? खर्चाचा अंदाज हवाय

ओसरी
नमस्कार मंडळी. आमच्या गावाला (अंबड तालुका, जि. जालना) मागच्या आठवड्यात गारांनी झोडपलं. मोसंबीची बाग गेली ते वेगळंच, त्यावर लिहायला बसलो तर धागा भरकटेल. प्रश्न घराचा आहे. दगडमातीच्या भिंती, त्यावर सागवानी वासे आणि सिमेंटचे पत्रे, असं वडिलांच्या हातचं घर. तीन खोल्या आणि पुढे ओसरी, मिळून सातशे चौरस फूट. वळचणी धरून छप्पर आठशेच्या आसपास भरतं. निम्म्याहून जास्त पत्र्यांना आरपार भोकं पडली आहेत, उरलेल्यांना चिरा. आई-दादा (दादा म्हणजे वडील) सध्या ताडपत्रीखाली राहताहेत. पुण्याला चला म्हटलं तर दादा म्हणतात, गुरं कोण बघणार?

तीन जणांकडून तोंडी भाव घेतले:
आहे त्याच वाशांवर पुन्हा सिमेंटचे पत्रे: मजुरी, वाहतूक सगळं धरून ४२ ते ४५ हजार.
जुनं लाकूड काढून लोखंडी पाइपचा सांगाडा आणि रंगीत पत्रे: चौरस फुटाला १७०, म्हणजे १ लाख ३६ हजार.
स्लॅब: गवंडी म्हणतो साडेतीन लाख. कॉलम लागले तर "मग बघू".

सरकारी मदत किती मिळेल आणि विम्याचा काही उपयोग आहे का, हेही सांगा. पावसाळ्याच्या आत काम उरकायचंय.

गोदातीर
ओसरी, वाईट वाटलं वाचून. माणसं आणि जनावरं धड आहेत ना? आमच्याकडे पैठण भागात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असंच झालं होतं. शेतात गारांचा थर साचून रान पांढरं पडलं होतं. सिमेंटचे पत्रे चाळणी झाले, लोखंडी पत्र्यांना नुसते पोचे आले. तेव्हापासून आमच्या भावकीत सिमेंटचा पत्रा कोणी घेतलेला नाही.

सर्किट_सदा
पहिला सल्ला फुकट: "मग बघू" म्हणणाऱ्या गवंड्याला काम देऊ नका.

वऱ्हाडी_ठसका
हाहा, सदाभाऊ. आमच्या इकडचा मिस्त्री तं "मंग पाहू" म्हणून अर्धी भिंत पाडून गेला होता बापा, दोन महिने दिसलाच नाही.

ओसरीभाऊ, काहून एवढा विचार करता? रंगीत पत्रा टाका अन् मोकळे व्हा. फक्त जाडी पाहून घ्या. ०.३० मिलिमीटरचा पत्रा ०.५० म्हणून खपवतात. दुकानात पत्रा काट्यावर ठेवायला लावा, वजन खोटं बोलत नाही.

तुळई
वरचा सल्ला मोलाचा आहे, त्याला आकडे जोडते. (स्थापत्य अभियंता आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांची छपरं बरीच पाहिली आहेत.)

अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा एका चौरस मीटरला साधारण चार किलो भरतो. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्रा बारा किलोच्या आसपास यायला हवा. आठ किलो भरला तर काय समजायचं ते समजा. बिलावर जाडी, लेपाचा प्रकार आणि १८ टक्के जीएसटी हे सगळं लिहून घ्या.

ओसरी, तुमच्या तीन भावांत एक गोष्ट कोणी धरलेली नाही, ती म्हणजे खालची भिंत. छपराचं वजन चौरस मीटरला ढोबळमानाने असं पडतं: रंगीत पत्रा ४-५ किलो, सिमेंटचा पत्रा १५-१६, मंगलोरी कौलं ओली झाल्यावर ५०-६०, आणि पाच इंची स्लॅब ३०० च्या वर. म्हणजे सिमेंटच्या पत्र्याऐवजी स्लॅब टाकला की भिंतींवरचं ओझं वीसपट होतं. दगडमातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू नका. टाकायचाच असेल तर पायापासून कॉलम उभे करावे लागतील. ते नवं घर बांधणंच झालं, त्याला छप्पर बदलणं म्हणत नाहीत. साडेतीन लाखांत ते होणार नाही.

ओसरी
तुळईताई, धन्यवाद. वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं. गोदातीर, माणसं सुखरूप आहेत. एका वासराच्या पाठीला लागलंय, बरं होतंय.

उंबरठा
माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या आजोळी (लातूर जिल्हा) माळवद होतं. जाड सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. त्या छपराचं गारा काय करणार? वर पडायच्या, वितळायच्या. उन्हाळ्यात आत पंखा नसला तरी चालायचं. आपण पत्र्याच्या नादी लागलो आणि दर दोन-चार वर्षांनी छप्पर बदलायची पाळी आली.

गोदातीर
उंबरठा, लातूर जिल्ह्यातले असून असं म्हणताय? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीच्या भूकंपात माणसं दबली ती याच मातीच्या छपरांखाली आणि दगडी भिंतींखाली. त्यानंतर आमच्या गावात कित्येकांनी आपण होऊन माळवदाची माती उतरवली आणि पत्रे टाकले. पत्र्याचा नाद शौक म्हणून लागलेला नाही.

उंबरठा
आठवायची गरज नाही, आमचे नातलग गेले त्यात. म्हणूनच आजोळचं माळवद आता नाही. मी एवढंच म्हणतेय की गारांपुरतं बघितलं तर माळवद भारी होतं. भूकंपापुरतं बघितलं तर पत्रा. दोन्हीला पुरं पडणारं काय, ते तुळई सांगतील.

तुळई
काँक्रीटचे पट्टे, कॉलम व्यवस्थित घेतलेलं, गज नीट बांधलेलं स्लॅबचं घर दोन्हीला पुरतं. पण ते ओसरींच्या खिशाला पुरणार नाही, म्हणून सध्या हलकं छपरच बरं.

दोघांनीही न सांगितलेला तिसरा शत्रू आहे, तो वारा. गारपीट एकटी येत नाही, सोबत वावटळ घेऊन येते. हलका पत्रा गारेने फुटत नाही, पण खालून वारा शिरला की उडतो. सांगाडा भिंतीत नीट धरलेला नसेल तर नुसते पत्रे नव्हे, पाइपसकट छप्पर शेजारच्या शेतात जाऊन पडतं. १७० च्या भावात सांगाडा भिंतीला कसा धरणार आहेत, हा प्रश्न फॅब्रिकेटरला पहिल्यांदा विचारा. नुसता पाइप भिंतीवर ठेवून सिमेंटचा गोळा लावणार असेल तर दुसरा माणूस शोधा. भिंतीच्या डोक्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घालायचा, त्यात बोल्ट पुरायचे, आणि त्या बोल्टांना सांगाडा आवळायचा. पट्ट्याचा खर्च वेगळा येईल, पण सगळ्या कामात तोच खर्च सार्थकी लागतो. मातीच्या भिंतीही त्याने एकत्र बांधल्या जातात.

काजूगर
ताईंना अनुमोदन. मी श्रीवर्धनचा. आमच्याकडे गारांचं अप्रूप, पण ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ विसरणं शक्य नाही. कौलारू घराची अर्धी कौलं उडाली. पत्रेवाल्यांची अख्खी छपरं उडाली. ज्यांचे पत्रे नुसत्या खिळ्यांनी ठोकलेले होते त्यांचे पत्रे नारळाच्या झाडांना गुंडाळलेले सापडले.

आणि नंतरची गंमत अशी, की सगळ्या तालुक्याला एकाच वेळी पत्रे हवे झाले. दुकानदारांनी भाव चढवले, सुतार मिळेनात, आणि मिळाले ते रोज नवा रोज सांगत. ओसरी, शक्य असेल तर पत्रे छत्रपती संभाजीनगरहून किंवा जालना शहरातून घाऊक दुकानातून उचला. तालुक्याच्या ठिकाणी आत्ता भाव चढलेलेच असणार. दोन-तीन घरांनी मिळून एक टेम्पो केला तर भाडंही वाटून जातं.

वऱ्हाडी_ठसका
जालना म्हणजे लोखंडाचं माहेरघर ना बाप्पा! तिथल्या माणसानं पत्र्याचा भाव आंतरजालावर विचारावा?

ओसरी
ठसकाभाऊ, जालन्यात सळया बनतात. पत्रे बाहेरूनच येतात. आणि माहेर श्रीमंत असलं म्हणून लेकीला फुकट थोडंच मिळतं. :)

चष्मिष्ट
सरकारी मदतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गारपीट ही केंद्राच्या निकषांत अधिसूचित आपत्ती आहे, त्यामुळे घराच्या पडझडीला मदत मिळते. २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात घर पूर्ण नष्ट झालं तर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. अंशतः पडझड असेल, आणि किमान १५ टक्के असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधीकधी वेगळा निर्णय काढून वाढवून देतं, तो त्या त्या वेळी बघावा लागतो.

तुमचं प्रकरण भिंती उभ्या असल्यामुळे बहुधा "अंशतः" मध्ये जाईल.

सर्किट_सदा
६,५०० रुपये. म्हणजे तुळईताईंचा पट्टा नाही, पट्ट्याची वाळू आली.

रानवारा
हेच तर. १ लाख ३६ हजारांचं छप्पर आणि साडेसहा हजार मदत! कर भरायचा आपण आणि

सर्किट_सदा
रानवारा, वाक्य पूर्ण करू नका, धागा उडेल.

धागा-व्यवस्थापक
राजकीय प्रतिसादांसाठी वेगळा विभाग आहे. इथे छपरापुरतंच राहूया. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

चष्मिष्ट
रानवारांचा राग समजतो, पण हा पैसा भरपाई म्हणून ठरवलेलाच नाही. तो तातडीचा आधार आहे, निकषांतच तसं धरलेलं आहे. असो. मिळणारे पैसे तरी पदरात पडावेत म्हणून काही कामाच्या गोष्टी:

पंचनामा झाल्याशिवाय फुटके पत्रे हलवू नका. हलवावेच लागले तर आधी फोटो काढा. घर बाहेरून, आतून छताकडे बघत, आणि एखाद्या भोकाजवळ पट्टी किंवा हात ठेवून. पंचनाम्याला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि ग्रामसेवक येतात. त्यांच्या कागदावर "पत्रे फुटले" एवढंच लिहिलेलं नको. किती पैकी किती, ते लिहायला लावा. १५ टक्क्यांची अट तिथेच ठरते.

आणि सगळ्यात मोठी अडचण: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांच्या नोंदवहीत) घर कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल तर आत्ताच हालचाल करा. मदत आता थेट खात्यात येते. यादीत विशिष्ट क्रमांक आला की सेतू केंद्रावर जाऊन अंगठा देऊन ओळख पटवावी लागते. नाव आजोबांचं आणि अंगठा दादांचा, असं झालं की पैसे अडकतात.

ओसरी
चष्मिष्ट, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. घर आजोबांच्याच नावावर आहे, आणि दादांना तीन भाऊ. फेरफाराचा विषय निघाला की दिवाळीलासुद्धा एकमेकांकडे जाणं बंद होतं.

उंबरठा
भावकी गारांपेक्षा जोरात लागते.

गोदातीर
ओसरी, वारसांची संमती स्टॅम्प पेपरवर घेऊन एकाच्या खात्यात मदत जमा करता येते, आमच्याकडे तसं झालं होतं. ग्रामसेवकाला भेटा. काकांना एवढंच सांगा की ही सही छपरापुरती आहे, हिश्शापुरती नाही.

डॅलसकर
इकडे टेक्सासात गारपीट नेहमीची, म्हणून थोडा वेगळा अनुभव देतो. आमच्याकडे लाकडी छपरावर डांबरी चकत्या असतात. गार लागली की चकती लगेच गळत नाही. तिच्यावरची खडी निघते आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी ती गळायला लागते. त्यामुळे गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी दारावर टकटक सुरू होते. कुठल्या कुठल्या राज्यांतून कंत्राटदार येतात, "फुकट तपासून देतो, विम्यातून नवं छप्पर बसवून देतो, तुमच्या खिशातून एक डॉलर नाही."

खिशातून जातोच. आमच्या विम्यात गारा-वाऱ्यासाठी घराच्या विमारकमेच्या दोन टक्के वाटा आपण सोसायचा असतो. घर पाच लाख डॉलरचं धरलं तर दहा हजार डॉलर. माझ्या तीन हजार चौरस फुटांच्या छपराचा खर्च अठरा हजार होता. म्हणजे विम्याने दिले आठच, आणि त्यातलेही काही काम संपल्याची पावती दाखवल्यावर. तो वाटा कंत्राटदाराने "माफ" करणं २०१९ पासून टेक्सासात कायद्याने गुन्हा आहे, तरी तसं सांगणारे भेटतात.

मी या वेळी जास्त महाग चकत्या घेतल्या. त्यांची चाचणी दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून टाकून करतात. विम्याचा हप्ता थोडा उतरला.

वऱ्हाडी_ठसका
डॅलसकर, अठरा हजार डॉलरात आमच्या गावात घर, विहीर अन् सोयरीक तिन्ही होऊन जाईल.

डॅलसकर
म्हणूनच तर मी भाव सांगायला कचरत होतो. हलकं घ्या. पण कंत्राटदाराबद्दलचा धडा तिकडेही लागू पडतो. वादळानंतर बाहेरगावाहून आलेल्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नका. पत्रे दारात उतरले की पत्र्यांचे पैसे, काम झालं की मजुरीचे.

बाराखडी
विम्याचा धागा पकडते, मी त्याच क्षेत्रात काम करते. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारख्या शब्दांतली घरविमा पॉलिसी द्यावीच लागते. त्यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर वगैरे येतं. घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के (जास्तीत जास्त दहा लाख) एवढं संरक्षण आपोआप मिळतं. आणि जागेची किंमत यात धरायचीच नसते, फक्त बांधकामाचा खर्च. लोक तिथे गोंधळतात आणि "एवढ्याचा विमा परवडत नाही" म्हणून सोडून देतात.

गवताचं, बांबूचं, ताडपत्रीचं छप्पर असेल तर त्या घराला कच्चं बांधकाम धरतात. पत्र्याचं आणि कौलांचं घर त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे ओसरींच्या घराचा विमा निघू शकतो. आत्ताच्या नुकसानीला अर्थातच उपयोग नाही. पण नवं छप्पर झालं की बिलं जपून ठेवा आणि त्यावर विमा काढा.

एक विनंती सगळ्यांना: ज्यांनी गृहकर्ज घेतलंय त्यांनी आपली कागदपत्रं उघडून बघा. बऱ्याच जणांचा घरविमा बँकेने कर्जाबरोबर काढलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो.

काजूगर
बाराखडी, वाचनखूण साठवली. माझ्या कागदपत्रांत खरंच सापडला. श्रीवर्धनच्या नाही, पनवेलच्या फ्लॅटचा. म्हणजे जिथे छप्पर उडत नाही तिथे विमा आहे.

रानवारा
सौर पॅनल आहेत कोणाच्या छपरावर? गारांनी फुटतात का? आम्ही पीएम सूर्यघरमधून बसवायचं म्हणतोय.

तुळई
पॅनलच्या मान्यतेच्या चाचणीत २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात, तेवढं ते सोसतात. म्हणजे बोराएवढ्या गारेला घाबरायचं कारण नाही. लिंबाच्या वर गेली की मात्र सांगता येत नाही. गारेचा व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतं, शिवाय ती पडतेही जास्त वेगाने. पाच सेंटिमीटरची गार ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाते. सिमेंटचे पत्रे का फुटतात ते यातच आलं. ते कडक असतात पण लवचीक नसतात, आणि जुने झाले की आणखी ठिसूळ होतात.

रानवारा, हलक्या पत्र्याच्या सांगाड्यावर पॅनल बसवायचे असतील तर ते वजन आणि वारा आधीच हिशोबात धरायला सांगा.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे येते. ओसरी, रंगीत पत्रा घेताना उन्हाचा विचार केला का? जालन्याचं एप्रिल-मेचं ऊन आणि उघडा लोखंडी पत्रा म्हणजे दुपारी आत बसवणार नाही. सिमेंटचा पत्रा त्या मानाने बरा असतो. आई-दादांचं वय बघता हे गारांइतकंच महत्त्वाचं आहे. गारा कधीतरी पडतात, ऊन रोज आहे.

गोदातीर
हे खरंय. आम्ही पांढरा पत्रा घेतला, फरक पडतो. निळा-लाल दिसायला छान, पण तापतो. खालून बांबूच्या चटयांचं छत केलं, मध्ये हातभर हवा खेळती ठेवली. खर्च फार नाही. थर्माकोलचं छत करू नका, वायरिंग वरून जातं, ठिणगी पडली तर भडकतं. आणि पावसाचा आवाज! पहिल्या पावसात आमच्या आईनं टीव्ही बंद केला, म्हणाली ऐकू येत नाही तर वीज का जाळायची.

सर्किट_सदा
आवाजाचा फायदा पण आहे. सासरेबुवांचं बोलणं ऐकू येत नाही.

चष्मिष्ट
दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पत्रे येतात, ते तापत नाहीत आणि आवाजही कमी. भाव मात्र साध्या पत्र्याच्या दुपटीहून पुढे. सगळ्या घराला न जमल्यास झोपायच्या खोलीपुरते घेता येतील.

तुळई
जुने सिमेंटचे पत्रे काढताना काळजी घ्या, हे लिहायचं राहिलं होतं. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. अखंड पत्रा निरुपद्रवी, पण फोडला, कापला, घासला की बारीक धूळ उडते, आणि ती फुप्फुसात बसली की वर्षानुवर्षांनी आजार देते. काढण्याआधी पाण्याने ओले करा, वरून खाली फेकू नका, हाताने उतरवा. चांगला मास्क लावा, रुमाल पुरत नाही. ग्राइंडर अजिबात नको. गावात हे तुकडे कुटून गोठ्यात किंवा वाटेवर भर म्हणून टाकतात, ते कृपा करून करू नका. गुरांच्या खुरांनी रोज दळले जातात. एका खड्ड्यात ओले पुरून वर जाड माती टाका.

वऱ्हाडी_ठसका
आमच्या गोठ्यात तेच टाकलेले हायत ना बाई. आता काय करू?

तुळई
उकरू नका. वरून मुरूम टाकून, पाणी मारून दाबून घ्या.

काजूगर
अजून एक. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड, टायर ठेवायची पद्धत आहे. ओसरी, तसलं काही करू देऊ नका. वादळात पत्रा उठला की ते दगड घरातल्यांच्या अंगावर येतात. दर वर्षी पेपरात असली बातमी असतेच.

ओसरी
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. सध्याची स्थिती:

पंचनामा झाला. "३४ पैकी २१ पत्रे आरपार" असं लिहून घेतलं. मोठे काका सहीला तयार झाले, मधले म्हणाले विचार करून सांगतो.

स्लॅबचा विषय संपवला. दादा आधी हिरमुसले, कारण गावात स्लॅबचं घर म्हणजे मान असतो. पण भिंतीवरचं ओझं सांगितल्यावर ऐकलं. सिमेंटच्या पत्र्याला आईचाच विरोध. त्या रात्री पत्र्यांचे तुकडे अंथरुणावर पडत होते, ती आता त्याखाली झोपायला तयार नाही.

म्हणून रंगीत पत्रा, पांढरा, ०.५० चा. फॅब्रिकेटर बदलला. नवा माणूस म्हणतो सगळे वासे काढायची गरज नाही. ओसरीचे कुजलेत तेवढेच काढायचे, आतले सागवानी अजून ठणठणीत आहेत, त्यांच्यावर आडवे पाइप मारून पत्रे बसतील. त्याचा हिशोब असा: पत्रे, आढ्याचे पत्रे आणि स्क्रू ४४ हजार, पाइप १८ हजार, मजुरी २० हजार, काँक्रीटचा पट्टा (गवंडी वेगळा) ३१ हजार, पन्हाळी ६ हजार. एकूण १ लाख १९ हजार. चटयांचं छत नंतर.

तुळईताई, जुन्या वाशांवर पाइप मारणं चालेल का? आणि पट्टा घालायचा तर वासे आधी उतरवावेच लागतील ना?

तुळई
सागवान खरंच चांगलं असेल तर चालेल. प्रत्येक वाशाचं भिंतीत शिरलेलं टोक टोकरून बघा. वाळवी आणि कूज तिथे असते, मधला भाग नेहमीच ठणठणीत दिसतो. पट्ट्यासाठी वासे उतरवावे लागतील, हो. पट्टा झाला की पाणी मारायला किमान आठवडा ठेवा आणि मगच वर चढा. वाशांना पट्ट्यातल्या बोल्टला लोखंडी पट्टीने जखडा, नाहीतर पत्रा वाशाला धरलेला आणि वासा कशालाच नाही, असं होईल.

पन्हाळी सहा हजारांत होतेय ती अरुंद असणार. गारा पन्हाळीत साचून तोंड बुजतं आणि पाणी उलटं आत येतं. जरा रुंद घ्या किंवा मागच्या बाजूला घेऊच नका, पाणी सरळ अंगणात पडू दे.

ओसरी
मागची रद्द. दोन हजार वाचले, ते मधल्या काकांच्या चहापाण्याला.

गोदातीर
स्क्रूचे वायसर रबरी आहेत का ते बघा. स्वस्तातले प्लास्टिकचे देतात. दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि मग प्रत्येक स्क्रूपाशी एक थेंब.

रानवारा
माझा प्रश्न राहिलाच. शेळ्यांच्या शेडला पण ०.५० च घ्यायचा का? पंधरा बाय दहा आहे.

वऱ्हाडी_ठसका
शेळ्यायले ०.४० पुरते. पण वारा शेळीचं शेड अन् माणसाचं घर असा भेद करत नाही, तवा बोल्ट तेवढेच मारा.

तुळई
ठसकाभाऊंना अनुमोदन. खांब जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये.